मुक्तीचा जमाखर्च

दरवर्षी १७ सप्टेंबरला मराठवाड्यात ध्वजवंदन होते, हुतात्म्यांना मानवंदना दिली जाते, स्वामी रामानंद तीर्थांच्या प्रतिमेला हार घातला जातो आणि दोन-तीन भाषणे होतात. भाषणांत निजामाची जुलमी राजवट, रझाकारांचे अत्याचार, सरदार पटेलांचा खंबीरपणा आणि भारतीय सैन्याचा पराक्रम यांचे वर्णन असते. ते यथार्थच असते. परंतु या दिवसाच्या पोटात एक अवघड प्रश्न दडलेला आहे आणि तो भाषणांतून सहसा बाहेर येत नाही. लोकांना स्वातंत्र्य मिळवून देण्यासाठी एका सरकारने दुसऱ्या सरकारच्या हद्दीत सैन्य पाठवावे काय? स्वातंत्र्य हेच परममूल्य मानणारी माणसे तरी या प्रश्नाचे उत्तर एकमुखाने देतात काय? त्यांच्यात या एका प्रश्नावरून जितकी फाटाफूट झाली आहे, तितकी बहुधा दुसऱ्या कशावरूनही झालेली नाही. ही फाटाफूट नुसती पुस्तकी नाही. ती आपल्या अंगणातून गेलेली आहे, म्हणूनच मी तिच्याविषयी लिहिते आहे.

१३ सप्टेंबर १९४८ या दिवशी भारतीय सैन्याची मुख्य तुकडी सोलापूरहून निघाली आणि पहिल्यांदा शिरली ती आपल्याच जिल्ह्यात. नळदुर्गजवळचा बोरी नदीवरचा पूल शाबूत हाती लागला. सकाळी नऊच्या सुमारास रणगाडे जळकोटला पोहोचले आणि दुपारी तीन वाजून गेल्यावर उमरग्याला. दुसऱ्या एका तुकडीला तुळजापुरात निजामाची पलटण आणि सुमारे दोनशे रझाकार यांनी दोन तास झुंजविले. लोहाऱ्याकडची वाट नदीला पूर आल्यामुळे अडली. पाच दिवसांत सगळे आटोपले. १७ तारखेस निजामाने युद्धबंदी जाहीर केली आणि १८ तारखेस जनरल एद्रूस यांनी मेजर जनरल जयंतनाथ चौधरी यांच्यापुढे शरणागती पत्करली. हा झाला इतिहास. आता त्या इतिहासाकडे स्वातंत्र्यवादी कसा पाहतो, ते पाहू.

येथे 'स्वातंत्र्यवादी' या शब्दाचा खुलासा करणे जरूर आहे. देशाच्या स्वातंत्र्यासाठी लढणारा तो स्वातंत्र्यवादी, असा त्याचा रूढ अर्थ आहे. मला येथे अभिप्रेत आहे तो व्यक्तिस्वातंत्र्यवादी. सरकारने चोर-दरोडेखोरांपासून आणि परचक्रापासून माणसाचे रक्षण करावे, न्याय द्यावा आणि बाकीच्या बाबतींत त्याला त्याच्या वाटेने जाऊ द्यावे, असे मानणारा हा विचार आहे. महाराष्ट्राला तो अगदी परका नाही. गोपाळ गणेश आगरकरांनी मिल आणि स्पेन्सर यांचे ग्रंथ मनापासून पचविले होते आणि 'सुधारका'तून मराठी वाचकाला व्यक्तीच्या विचारस्वातंत्र्याची ओळख करून दिली होती. स्वातंत्र्यानंतर मुंबईत रणछोडदास लोटवाला यांच्या पुढाकाराने 'इंडियन लिबर्टेरियन' नावाचे इंग्रजी नियतकालिक निघत असे. हेच लोटवाला एके काळी तरुण डांगे यांच्या साम्यवादी साप्ताहिकाला पैसा पुरवीत होते, ही मौजेची गोष्ट. १९५९ साली राजाजी, मिनू मसानी आणि एन. जी. रंगा यांनी परवाना-राज्याच्या विरोधात स्वतंत्र पक्ष उभा केला. पुढे शरद जोशी यांनी शेतकरी संघटनेच्या व्यासपीठावरून आणि १९९४ साली स्थापलेल्या स्वतंत्र भारत पक्षातून हाच विचार आपल्या खेड्यापाड्यांपर्यंत आणला. शेतकऱ्याच्या मालाच्या भावात सरकारने हात घालू नये, हे सूत्र आपल्या भागात कुणाला समजावून सांगावे लागत नाही. ज्यांनी ज्वारीची सक्तीची लेव्ही सोसली त्यांच्या घरात ते आपोआपच पटते.

कर, परवाने, लेव्ही, नियंत्रणे यांविषयी या मंडळींत फारसे मतभेद नाहीत. युद्धाचा विषय निघाला की मात्र एकाच घरात दोन चुली मांडल्या जातात.

पहिली बाजू स्पेन्सरची. युद्ध आणि स्वातंत्र्य एका म्यानात राहू शकत नाहीत, असे त्याचे मत होते. समाज जितका लढाऊ तितका तो आपल्याच माणसांना गुलाम करतो, हा त्याचा सिद्धान्त. म्हातारपणी त्याने आपल्याच देशाच्या बोअर युद्धाला विरोध केला आणि देशभक्तीच्या नावाखाली चाललेल्या साम्राज्यविस्ताराची कडक शब्दांत हजेरी घेतली. या बाजूचे म्हणणे थोडक्यात असे: ज्या सरकारवर साखरेच्या परवान्यापुरताही आपला विश्वास नाही, त्याच सरकारवर परक्या प्रदेशाचे भवितव्य कसे सोपवायचे? जे सरकार गावातला रस्ता धड करू शकत नाही, ते दुसऱ्या देशात लोकशाही कशी रुजविणार? शिवाय युद्धाचा खर्च करातून येतो, माणसे सक्तीने किंवा गरजेपोटी येतात, आणि मरणारे बहुतेक वेळा ज्यांचा काही गुन्हा नाही असे असतात.

दुसरी बाजू अशी विचारते: ज्या राज्यसंस्थेला आपण पवित्र मानीत नाही, तिची सीमारेषा मात्र पवित्र कशी? व्यक्ती हीच जर मूल्याचे अधिष्ठान असेल, तर सीमेच्या अलीकडची व्यक्ती आणि पलीकडची व्यक्ती यांत फरक का करावा? शेजारच्या घरात माणसाला जिवंत जाळले जात असताना 'ते घर माझे नाही' म्हणून दार लावून बसणे ही तटस्थता नव्हे. तो जुलमाला दिलेला मूक पाठिंबाच होय.

मिलने १८५९ साली, म्हणजे ज्या वर्षी त्याचा स्वातंत्र्यावरील प्रसिद्ध निबंध निघाला त्याच वर्षी, परराष्ट्रांच्या कारभारात हस्तक्षेप करावा की नाही यावरही एक छोटा लेख लिहिला. त्याचे उत्तर मधल्या वाटेचे आहे. लोकांनी स्वतः झगडून मिळविलेले स्वातंत्र्यच टिकते, बाहेरच्यांनी आणून दिलेले टिकत नाही; म्हणून एखाद्या राष्ट्रातील जनता आपल्याच जुलमी राजाशी झगडत असेल तर सामान्यतः बाहेरच्याने त्यात पडू नये. परंतु तो जुलमी राजा परक्या बळाच्या आधारावर उभा असेल, तर ते परके बळ हटविण्यासाठी मध्ये पडणे न्याय्य ठरते. विचार नेमका आहे. तथापि हाच मिल सुमारे पस्तीस वर्षे ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत होता आणि याच लेखात त्याने अयोध्येचे, म्हणजे अवधचे राज्य खालसा केल्याचे समर्थनही करून टाकले. मागासलेल्या लोकांना हे नियम लागू नाहीत, अशी पळवाट त्याने ठेवली होती. स्वातंत्र्याचे एवढे मोठे भाष्यकारसुद्धा आपल्या मालकाच्या सैन्याकडे आले की कसे नरमतात, याचे हे उदाहरण आपण भारतीयांनी तरी विसरू नये.

महाराष्ट्राने ही फाटाफूट १९४० नंतर जवळून अनुभवली. मानवेंद्रनाथ रॉय आणि त्यांच्याबरोबर तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्यासारखी माणसे म्हणत होती की, हिटलरचा पराभव ही जगातल्या प्रत्येक माणसाच्या स्वातंत्र्याची पहिली अट आहे, सबब ब्रिटिशांच्या युद्धप्रयत्नाला साहाय्य केले पाहिजे. काँग्रेस म्हणत होती की गुलामाने मालकाच्या युद्धात पडू नये. १९४२ च्या वादळात रॉयवाद्यांना लोकांचे शिव्याशाप खावे लागले. फॅसिझमविषयीचे त्यांचे निदान खरे होते, हे आज कुणी नाकारणार नाही. पण ज्या सरकारच्या तुरुंगात हजारो देशबांधव होते, त्याच सरकारच्या पंक्तीला बसल्यामुळे त्यांच्या खऱ्या बोलण्यालाही वजन उरले नाही. सैन्याला पाठिंबा देताना आपण कुणाच्या हातात काय देतो आहोत, हे मोजावे लागते ते असे.

आता राजाजींचे उदाहरण घेऊ, कारण या वादाचे सगळे धागे त्यांच्यात एकत्र आलेले दिसतात. सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबादेत सैन्य शिरले तेव्हा राजाजी भारताचे गव्हर्नर जनरल होते. हैदराबादेत भारताचे एजंट जनरल म्हणून कन्हैयालाल मुनशी काम पाहत होते आणि तेही पुढे स्वतंत्र पक्षात गेले. म्हणजे परवाना-राज्याविरुद्ध उभ्या राहिलेल्या पक्षातील दोन थोर पुढाऱ्यांचा हैदराबादच्या कारवाईशी अधिकारपदाने संबंध होता. तेच राजाजी डिसेंबर १९६१ मध्ये गोव्यात सैन्य गेले तेव्हा मात्र कडाडून विरोधात उभे राहिले. लष्करी बळाच्या वापराविरुद्ध आवाज उठविण्याचा नैतिक अधिकार भारताने आता पुरता गमावला, अशा आशयाचे त्यांनी लिहिले. सबंध देश आनंदात असताना असे लिहिण्यास धैर्य लागते. परंतु प्रश्न उरतोच: हैदराबाद चालते तर गोवा का नाही? आणि गोवा चालत नाही तर हैदराबाद कसे चालले?

राजाजींच्या बाजूने असे म्हणता येईल की हैदराबाद हे भारताच्या पोटात होते, त्याच्याशी २९ नोव्हेंबर १९४७ चा 'जैसे थे' करार होता आणि तेथे रझाकारांची झुंडशाही चालू होती; गोवा हा आंतरराष्ट्रीय कायद्याने मान्य असलेल्या एका परकीय राष्ट्राचा ताबा होता आणि तेथील प्रश्न वाटाघाटीने सुटण्याची वाट पाहता आली असती. पण गोव्याच्या बाजूनेही तितकेच म्हणता येते. १५ ऑगस्ट १९५५ रोजी निःशस्त्र सत्याग्रही गोव्याच्या हद्दीत शिरले आणि पोर्तुगीजांच्या गोळीबारात वीसहून अधिक माणसे ठार झाली. नानासाहेब गोरे यांच्यासारख्यांनी गोव्याच्या तुरुंगात दिवस काढले. सालाझारच्या हुकूमशाहीपुढे सत्याग्रहाचा मार्ग बंद झाला होता. तेव्हा कायद्याच्या नकाशावरची रेघ हा एवढाच फरक धरला, तर स्वातंत्र्यवाद्याच्या दृष्टीने तो फरक तोकडा पडतो. निजामानेही जून १९४७ च्या फर्मानाने आपण स्वतंत्र राहणार असे जाहीर केले होते आणि त्याचे गाऱ्हाणे संयुक्त राष्ट्रसंघाच्या सुरक्षा समितीपुढेही गेले होते. कायद्याची रेघ हैदराबादभोवतीही ओढता येतच होती.

म्हणून हस्तक्षेपविरोधकांचा युक्तिवाद हैदराबादला त्याच्या पूर्ण जोराने लावून पाहिला पाहिजे. ते म्हणतील: निजाम जुलमी होता हे खरे, पण दिल्लीच्या सरकारला ते राज्य आपल्यात सामील करावयाचे होते, म्हणून सैन्य गेले. मुक्ती हे निमित्त, विलीनीकरण हा हेतू. रणगाडे आणि विमाने वापरलेल्या मोहिमेला 'पोलीस कारवाई' हे नाव देणे हीच मुळी पहिली लबाडी. पोलीस आपल्या घरात कारवाई करतात, सबब हे युद्धच नव्हे; आणि युद्धच नव्हे तर युद्धाची जबाबदारीही नव्हे. हा शेवटचा मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो आणि त्याकडे मी पुन्हा येणार आहे.

तरीसुद्धा माझे मत असे आहे की सप्टेंबर १९४८ मध्ये सैन्य येणे योग्य होते. दिल्लीचा हेतू शुद्ध होता की नव्हता, यावर हे मत मी उभे केलेले नाही. सरकारांचे हेतू तपासत बसलो तर कोणतेच पाऊल शुद्ध ठरणार नाही. सैन्य येण्यापूर्वीच येथील लोकांनी आपली निवड केलेली होती, हे माझे कारण आहे. हैदराबाद स्टेट काँग्रेसवर १९३८ साली जन्मतःच बंदी आली आणि तरी सत्याग्रह झाला. आपल्याच जिल्ह्यातील हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत शिकविणाऱ्या व्यंकटेश खेडगीकरांनी तेथेच संन्यास घेतला आणि ते स्वामी रामानंद तीर्थ झाले. ७ ऑगस्ट १९४७ ला भारतात सामील होण्याची मागणी करीत लोक रस्त्यावर आले आणि तुरुंग भरले. पुढे बार्शी-सोलापूरच्या सरहद्दीवर लढ्याची ठाणी उभी राहिली. हा लढा एका धर्माचा नव्हता, याची साक्ष 'इमरोज'चे तरुण संपादक शोएबुल्लाखान यांच्या रक्ताने दिली आहे. रझाकारांविरुद्ध आणि भारतात सामील होण्याच्या बाजूने लिहिले म्हणून ऑगस्ट १९४८ मध्ये हैदराबादच्या रस्त्यावर त्यांचा खून झाला. दुसऱ्या बाजूला रझाकारांचा म्होरक्या कासिम रझवी हाही लातूरचा वकील, आणि लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यातच होते. मुक्तीचा आणि जुलमाचा, दोन्ही बाजूंचा वारसा याच मातीत आहे. शेजारच्या बीदर जिल्ह्यातील गोरट्यासारख्या गावांत मे १९४८ मध्ये जे हत्याकांड झाले, ते पाहिल्यावर 'अजून वाट पाहा' असे सीमेवरच्या निर्वासिताला कोणत्या तोंडाने सांगणार? हस्तक्षेप न करण्याचीही किंमत असते आणि ती दुसऱ्यांच्या प्राणांनी चुकती होते. हे विरोधकांच्या खात्यावर नावे पडले पाहिजे.

पण मग समर्थकांच्या खात्याचे काय?

सैन्य आले, निजाम शरण गेला आणि त्यानंतरच्या दिवसांत मराठवाड्यात व आसपासच्या भागात मुसलमान वस्त्यांवर भयंकर आपत्ती कोसळली. पंडित नेहरूंनी पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफ्फार आणि मौलाना मिस्री यांना चौकशीसाठी पाठविले. त्यांनी नोव्हेंबर-डिसेंबर १९४८ मध्ये राज्यभर फिरून अहवाल दिला. कारवाईच्या काळात आणि तिच्यानंतर किमान सत्तावीस हजार ते चाळीस हजार माणसे मारली गेली, असा त्यांचा अंदाज होता. सर्वांत जास्त झळ पोहोचलेले चार जिल्हे त्यांनी सांगितले: उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड. या चार जिल्ह्यांतच अठरा हजारांच्या आसपास बळी गेले असावेत, असे त्यांचे म्हणणे. त्यातले पहिले नाव आपले आहे. रझाकारांनी आधी केलेल्या अत्याचारांची नोंदही त्या अहवालात आहे. काही ठिकाणी सैनिक आणि पोलीस लुटीत व हत्येत सामील झाले, अशीही नोंद आहे; आणि हिंदूंनी जिवावर उदार होऊन आपल्या मुसलमान शेजाऱ्यांना वाचविले, अशीही आहे. सरदार पटेलांना हा अहवाल मान्य नव्हता. तो त्या काळी प्रसिद्ध झाला नाही. दिल्लीच्या तेव्हाच्या नेहरू स्मारक संग्रहालयात तो सर्वांना पाहावयास मिळतो, हे लोकांना कळण्यास २०१३ साल उजाडावे लागले. मधे पासष्ट वर्षे गेली.

आकड्यांविषयी वाद होऊ शकतो. इतिहासाच्या अभ्यासकांनी तो जरूर करावा. परंतु वाद करण्यासाठी आधी कागद उघडा असावा लागतो. येथे मी मघाशी सोडलेला मुद्दा पुन्हा उचलते. ज्याला युद्ध म्हटले जात नाही, त्यातील मृतांची मोजदादही होत नाही. 'पोलीस कारवाई' या शब्दाने ही सोय करून ठेवली. हस्तक्षेपविरोधी स्वातंत्र्यवादी सरकारच्या शब्दांवर संशय घेण्यास शिकवितो, आणि येथे त्याचा संशय अक्षरशः खरा ठरला आहे. त्याच्या निष्कर्षाशी मी सहमत नाही. तरीही त्याच्यावाचून माझे चालणार नाही, ते यामुळे.

आणखी एक धडा त्याच्याकडूनच घ्यावा लागतो. आत आलेली सत्ता आपण होऊन मागे सरत नाही. हैदराबादेत लष्करी राज्यपालाचा अंमल १९४९ च्या अखेरीपर्यंत राहिला आणि लोकांनी निवडलेले सरकार १९५२ च्या निवडणुकीनंतरच आले. तेच सैन्य तेलंगणात जमीनदारांविरुद्ध उठलेल्या शेतकऱ्यांवर १९५१ पर्यंत चालविले गेले. ज्या निजामाविरुद्ध लढा झाला, तो १९५० पासून १९५६ पर्यंत त्याच राज्याचा राजप्रमुख म्हणून मानाने मिरवला.

युद्धाने घरातली सत्ता कशी फुगते, हे तर प्रत्येक भारतीयाने पाहिले आहे. १९६२ चे चीनयुद्ध सुमारे एक महिना चालले. त्या निमित्ताने २६ ऑक्टोबर १९६२ रोजी पुकारलेली आणीबाणी १० जानेवारी १९६८ पर्यंत, म्हणजे सव्वापाच वर्षे उठली नाही. भारत संरक्षण नियमांच्या आधारे जानेवारी १९६३ मध्ये सोने नियंत्रण आले. चौदा कॅरटहून अधिक कसाचे दागिने घडविण्यास बंदी झाली, पिढीजात सोनारांच्या भट्ट्या थंड पडल्या, आणि त्या नियंत्रणाचा कायदा रद्द झाला तो १९९० साली. एक महिन्याचे युद्ध, सव्वापाच वर्षांची आणीबाणी आणि सत्तावीस वर्षांचे सोने नियंत्रण! ३ डिसेंबर १९७१ ची आणीबाणीही दोन आठवड्यांच्या युद्धासाठी पुकारली गेली आणि मार्च १९७७ पर्यंत टिकली. तिच्याच जोडीला १९७५ ची दुसरी आणीबाणी आली आणि 'मिसा'खाली माणसे विनाचौकशी तुरुंगात गेली. बांगलादेशाच्या जनतेसाठी १९७१ मध्ये देशोदेशी फिरून जगाला जागे करणारे जयप्रकाश नारायण चार वर्षांनी स्वतःच्याच देशात अटकेत पडले, यातील विषाद सांगून संपणारा नाही.

मग जयप्रकाशांचे १९७१ मध्ये चुकले काय? मला तसे वाटत नाही. बांगलादेशाच्या जनतेने १९७० च्या निवडणुकीत आपला कौल दिलेला होता, तो बंदुकीने चिरडला गेला, आणि लाखो निर्वासित आपल्या दारात आले. भारताचे सैन्य मार्च १९७२ पर्यंत तेथून परतलेही. गोव्यात लष्करी राज्यपालाचा अंमल सहा महिन्यांत संपला, १९६३ च्या डिसेंबरात निवडणूक झाली आणि १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात गोव्याच्या जनतेने महाराष्ट्रात विलीन होण्यास नकार दिला. आपल्यापैकी पुष्कळांना तो नकार झोंबला. परंतु ज्यांना मुक्त केले त्यांना 'नाही' म्हणण्याचा अधिकार मिळाला, यातच त्या मुक्तीचा खरेपणा आहे. याउलट १९८७ च्या जुलैत श्रीलंकेत गेलेली शांतिसेना दोन सरकारांच्या करारावर गेली होती. ज्या तमिळ जनतेच्या रक्षणासाठी ती गेली, तिच्यातीलच लढवय्यांशी तिला लढावे लागले आणि अकराशेहून अधिक जवान गमावून ती मार्च १९९० मध्ये परतली.

अमेरिकेतही हाच वाद २००३ च्या इराक युद्धाने पेटला. अर्थशास्त्रज्ञ मिल्टन फ्रीडमन त्या युद्धाच्या विरोधात होते आणि त्यांच्या पत्नी रोझ फ्रीडमन बाजूने. जन्मभर मुक्त बाजारपेठेवर एकत्र लिहिणाऱ्या दांपत्याचे या एका प्रश्नावर जुळले नाही. रॅन्डी बार्नेट या कायदेपंडिताने म्हटले की स्वातंत्र्यवादाच्या तत्त्वांतून परराष्ट्रनीतीचे एकच उत्तर निघत नाही. रॉन पॉल यांनी त्याच युद्धाचा विरोध हा आपल्या राजकारणाचा कणा केला. इराकच्या बाबतीत मला रॉन पॉल यांची बाजू बरोबर वाटते. तेथे सद्दाम जुलमी होता, पण सैन्याच्या मागणीमागे देशात उभी असलेली लोकचळवळ नव्हती. परागंदा पुढाऱ्यांची आश्वासने होती. पुढे काय झाले ते सर्वश्रुत आहे.

एवढ्या उदाहरणांवरून मला तीन प्रश्न सुचतात. कोणत्याही सैनिकी हस्तक्षेपाला पाठिंबा देण्यापूर्वी स्वातंत्र्यवाद्याने ते विचारावेत. पहिला: मागणी कुणाची? सैन्य येण्यापूर्वी तेथील लोकांनी स्वतः किंमत मोजून लढा उभा केला आहे काय? दुसरा: परत कधी? तेथले सैन्य आणि इथले वाढीव अधिकार, दोन्ही कोणत्या मुदतीत मागे घेतले जाणार? तिसरा: मोजदाद कोण करणार? आपल्या बाजूने मारल्या गेलेल्यांची नोंद आपणच उघडपणे ठेवणार काय? हैदराबाद पहिल्या कसोटीला पूर्णपणे उतरते. दुसरीला रडतखडत उतरते. तिसऱ्या कसोटीला मात्र उतरत नाही, आणि ती चूक सैन्याची किंवा दिल्लीची म्हणून आपल्याला हात झटकता येणार नाहीत. ती आता आपलीही आहे, कारण दरवर्षी १७ सप्टेंबरला आपण फक्त जमेची बाजू वाचून दाखवितो.

या तिसऱ्या प्रश्नावर कुणी म्हणेल, झाले गेले गंगेला मिळाले, जुन्या जखमांवरच्या खपल्या कशाला काढायच्या? यावर माझे उत्तर असे की, खपली धरली आहे ती फक्त एका बाजूची. आपल्या महाविद्यालयात एका बाकावर बसणाऱ्या दोन विद्यार्थ्यांपैकी एकाच्या घरात आजोबांनी रझाकारांच्या भीतीने बार्शीला केलेल्या पलायनाची गोष्ट अभिमानाने सांगितली जाते. दुसऱ्याच्या घरात त्यानंतरच्या महिन्याची गोष्ट दार लावून सांगितली जाते, किंवा सांगितलीच जात नाही. एकाच घटनेतली एक आठवण सार्वजनिक आणि दुसरी चोरटी असेल, तर त्या दोघांना मिळालेले स्वातंत्र्य सारखे आहे असे म्हणता येईल काय? २०२३ साली जिल्ह्याचे नाव उस्मानाबादचे धाराशिव झाले. नाव बदलल्याने खातेवही बदलत नाही. मागील बाकी पुढे ओढावीच लागते.

म्हणून प्राध्यापक मंडळींना आणि विद्यार्थी मित्रमैत्रिणींना माझी एक सूचना आहे. येत्या १७ सप्टेंबरला ध्वजवंदनानंतर इतिहास आणि राज्यशास्त्र विभागांनी मिळून एक वाचन ठेवावे. त्यात स्वामीजींच्या लढ्याची हकीकत असावी, शोएबुल्लाखान यांचे स्मरण असावे, गोरट्याचे नाव असावे आणि सुंदरलाल समितीच्या अहवालातील आपल्या जिल्ह्याविषयीचा भागही असावा. त्यानंतर तालुक्यातालुक्यांतून ज्या घरांत आठवणी उरल्या आहेत तेथे जाऊन, ज्यांची इच्छा असेल त्यांच्या तोंडून त्या लिहून घ्याव्यात. ज्यांनी ते दिवस पाहिले त्यांपैकी फार थोडे आता हयात आहेत. शेजाऱ्याने शेजाऱ्याला लपवून ठेवल्याच्या गोष्टीही त्यात निघतील, आणि त्या निघाल्याच पाहिजेत. कारण सरकार, सैन्य आणि संघटना या सगळ्यांच्या पलीकडे एकट्या माणसाने आपल्या विवेकाने केलेले ते कृत्य आहे. व्यक्तिस्वातंत्र्यावर विश्वास ठेवणाऱ्याला त्याहून मोठा पुरावा कोणता हवा?

सैन्याला विरोध करणाऱ्याने न आलेल्या सैन्यामुळे मेलेल्यांचा हिशेब द्यावा, आणि सैन्याला पाठिंबा देणाऱ्याने आलेल्या सैन्यामागून मेलेल्यांचा. मी दुसऱ्या पंक्तीत आहे, म्हणून दुसरा हिशेब मागण्याचे काम प्रथम माझे आहे. मराठवाडा मुक्त झाला, हे सत्य त्या हिशेबाने लहान होणार नाही. ते सर्वांचे होईल.